रस्त्यावरची जबाबदारी

'जबाबदारी' हा शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. परंतु त्याच्या पोटात कोणता शब्द दडला आहे, याचा विचार क्वचितच करतो. 'जबाब' म्हणजे उत्तर. आपल्या कृत्याबद्दल विचारले असता ज्याला उत्तर द्यावे लागते, तो जबाबदार. 'उत्तरदायित्व' या संस्कृतातून आलेल्या शब्दाचा अर्थही नेमका हाच आहे. घरात आपण आईवडिलांना उत्तर देतो, शाळेत गुरुजनांना देतो. मग रस्त्यावर कोणाला उत्तर द्यायचे? तेथे तर सारेच अनोळखी. कोण कोठून आला आणि कोठे चालला, हे कोणालाच ठाऊक नसते. अशा अनोळखी माणसांच्या वतीने जो प्रश्न विचारतो आणि उत्तर मागतो, तो कायदा होय.

हा प्रश्न विचारण्याची वेळ आपल्या देशात फार वेळा येते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाल्याची नोंद सरकारदरबारी आहे. त्या अपघातांत १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. मुलांनो, या संख्येला ३६५ ने भागून पाहा. दररोज चारशे साठांहून अधिक माणसे घरातून निघाली, ती परतलीच नाहीत, असे तुम्हांला आढळेल.

अपघात घडला की आपल्याकडे बहुधा दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. कोणी कपाळाला हात लावून म्हणतो, "नशिबात होते ते घडले. त्याला कोण काय करणार?" दुसरा अस्तन्या सावरीत ओरडतो, "धरा त्या ड्रायव्हरला! चांगला बदडून काढा!" पहिला दैवाला बोल लावतो, दुसरा हातात सापडेल त्याला. वरवर पाहता हे उद्गार परस्परविरुद्ध वाटतात; परंतु दोघांचा परिणाम एकच होतो. नेमके काय घडले, का घडले आणि त्यात कोणाचा किती वाटा होता, याचा शोध दोघांनाही नको असतो. कायदा या दोन्ही वाटा सोडून तिसऱ्या वाटेने जातो. तो थांबतो, विचारतो, पुरावा पाहतो आणि मगच ठरवतो.

ही वाट आजकालची नाही. १८६० साली भारतीय दंड संहिता तयार झाली, तेव्हा आपल्या रस्त्यांवर मोटारी नव्हत्या. टांगे, बग्ग्या, घोडेस्वार आणि बैलगाड्या होत्या. तरीही सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा होय, असे त्या संहितेत सांगितले होते. पुढे मोटारी आल्या. १९१४ साली मोटारींसाठी देशव्यापी कायदा झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने आणि त्यानंतर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने घेतली. या कायद्यात २०१९ साली मोठ्या सुधारणा करण्यात आल्या. जुन्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. वाहने बदलली, कायद्यांची नावे बदलली. परंतु मूळ प्रश्न तोच राहिला. तो असा, की आपण वाट चालताना दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेतली काय?

हा प्रश्न कोणाकोणाला विचारला जातो, हे समजण्यासाठी एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणा.

वैशाख महिना आहे. लग्नसराईचे दिवस आहेत. एका खेड्यातून वऱ्हाड निघाले आहे. बसचे भाडे परवडत नाही, म्हणून भाजीपाला वाहून नेणारा एक टेम्पो ठरवलेला आहे. त्याच्या हौद्यात बायका, मुले आणि म्हातारी माणसे दाटीवाटीने बसली आहेत. दोघे तरुण चालकाच्या डोक्यावरील टपावर चढून बसले आहेत. मुहूर्त जवळ आला आहे. चालकाशेजारी बसलेले नवरदेवाचे मामा पुनःपुन्हा म्हणत आहेत, "अरे, जरा वेगात घे की! मुहूर्त काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"मामा, पुढं वळण आहे," चालक म्हणतो.

"असू दे रे! तू हाक. काही होत नाही."

टेम्पोचा वेग वाढतो. नेमक्या त्याच वेळी वळणाच्या पलीकडून एक मोटारसायकल येते. तिच्यावर तीन मुले आहेत. चालवणारा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. गाडी त्याच्या काकांची आहे आणि किल्ली काकांनीच हौसेने त्याच्या हाती दिली आहे. तिघांपैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. वळणावर टक्कर होते. टेम्पो रस्त्याकडेच्या चरात कलंडतो. हौद्यातील एका आजीच्या पायाचे हाड मोडते. टपावरील तरुण खाली फेकले जातात. मोटारसायकल चालवणाऱ्या मुलाचे डोके दगडावर आपटते आणि तो निपचित पडतो. क्षणापूर्वी जेथे हास्यविनोद चालला होता, तेथे आता आक्रोश ऐकू येतो.

आता कायदा जणू त्या वळणावर येऊन उभा राहतो आणि एकेकाला उत्तर मागू लागतो.

त्याचा पहिला प्रश्न टेम्पोच्या चालकाला आहे. तुम्हांला वाटेल की, "चूक कोणाची?" असे तो विचारील. परंतु नाही. तो प्रश्न पुढचा आहे. कायद्याचा पहिला प्रश्न आहे, "तू थांबलास काय?" ज्याच्या वाहनामुळे माणसाला, जनावराला किंवा दुसऱ्या वाहनाला इजा पोहोचली, त्या चालकाने थांबलेच पाहिजे आणि विचारणाऱ्यास आपले नाव व पत्ता सांगितला पाहिजे. जखमी माणसाला जवळच्या डॉक्टराकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी शक्य ते सर्व त्याने केले पाहिजे. जवळ पोलीस नसेल, तर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन त्याने घडलेली हकिगत सांगितली पाहिजे. वाहनाचा विमा ज्या कंपनीकडे असेल, तिलाही कळवले पाहिजे. यांतील कर्तव्य टाळणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चालकाची चूक असो वा नसो, थांबण्याचे आणि मदतीचे कर्तव्य त्याला चुकत नाही. कारण चूक कोणाची हे ठरवायला पुढे पुष्कळ वेळ मिळतो. रक्त वाहत असलेल्या माणसाजवळ मात्र तेवढा वेळ नसतो. गंभीर इजा झाल्यानंतरच्या पहिल्या तासात तातडीने उपचार मिळाले, तर प्राण वाचण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. २०१९ च्या सुधारणेने या तासाला कायद्यातच स्थान दिले आहे. त्याला 'सुवर्णतास' म्हणतात. जखमी माणसाला दारात आणल्यावर कागदपत्रांची वाट न पाहता डॉक्टरानेही उपचार सुरू केले पाहिजेत, असे कायदा सांगतो. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निर्णयातही, जीव वाचवणे हे डॉक्टराचे पहिले कर्तव्य होय, असे स्पष्ट केले होते. खर्चाच्या भीतीने उपचार अडू नयेत, म्हणून २०२५ साली केंद्र सरकारने एक योजना लागू केली. तिच्यानुसार रस्त्यावरील अपघातात जखमी झालेल्या माणसावर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, त्याच्याकडून रोख पैसे न घेता, करता येतात.

"परंतु लोक मारतील, या भीतीने चालक पळाला तर?" असे तुम्ही विचाराल. कायद्याला माणसाची ही भीती ठाऊक आहे. जमावाच्या प्रक्षोभामुळे जखमीला हलवणे अशक्य झाले असेल, तर त्या अडचणीचा विचार कायदा करतो. अशा वेळी चालकाने आपला जीव वाचवून थेट पोलीस ठाण्याची वाट धरावी. मात्र जो ठाण्याकडे न जाता केवळ तोंड लपवून पळून जातो, तो स्वतःचा गुन्हा वाढवून घेतो. आणि चालकाला मारहाण करणाऱ्या जमावाने हेही विसरू नये, की मारहाण हा स्वतंत्र गुन्हा आहे. मारणाऱ्यालाही एक दिवस उत्तर द्यावे लागते.

यानंतर चालकाला दुसरा प्रश्न येतो, "तू वाहन कसे चालवीत होतास?" बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवून माणसांचा जीव धोक्यात घालणे, एवढ्यासाठीच भारतीय न्याय संहितेनुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने 'जबर दुखापत' होय. ती अशा बेदरकारपणामुळे झाली असेल, तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढते. माणूस दगावला, तर हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. जुन्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती. चालकाने मद्य प्राशन केले असेल किंवा वाहन चालवताना हातात मोबाईल धरला असेल, तर तेही निराळे गुन्हे आहेत. "मला कोणाला मारायचे नव्हते," हे चालकाचे म्हणणे खरे असेलही. परंतु हयगय म्हणजे मारण्याचा हेतू नव्हे. जी काळजी कोणीही शहाणा माणूस घेईल, ती न घेणे म्हणजे हयगय. पुढे वळण आहे, हे चालकाला माहीत होते. त्याने ते मामांना बोलूनही दाखवले होते. माहीत असूनही वेग वाढवला, हेच त्याला जड जाणार.

आता मोटारसायकलकडे वळू. ती चालवणारा मुलगा रुग्णालयात आहे. त्याच्या उशाशी बसलेल्या काकांना कायदा विचारतो, "किल्ली कोणी दिली?" अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून अशी मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळत नाही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या सुधारणेनुसार त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी समजला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला परवाना मिळू शकत नाही. आपल्याला न कळत मुलाने गाडी नेली, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, असे पालकाने सिद्ध केले, तर त्याची सुटका होऊ शकते. परंतु येथे तर काकांनी कौतुकाने स्वतःच्या हाताने किल्ली दिली होती. पुतण्यावरच्या मायेपोटी केलेले हे कौतुक त्याला रुग्णालयात आणि त्यांना न्यायालयात घेऊन गेले.

त्या मोटारसायकलवर आणखी दोन नियम मोडले गेले होते. दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसू शकतो. तसेच चार वर्षांवरील प्रत्येक माणसाने, मग तो मागे बसलेला का असेना, डोक्यावर हेल्मेट घातले पाहिजे. पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना तेवढी सूट आहे. यांपैकी कोणताही नियम मोडल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवान्यास अपात्रता, अशी शिक्षा आहे. दंडाची रक्कम ऐकून कोणी हसेल. परंतु त्या दगडाने १,००० रुपये मागितले नाहीत, हे आपण विसरता कामा नये.

चालक झाला, मालक झाला. प्रवाशांचे काय? "आम्ही नुसते बसलो होतो," असे म्हणून प्रवासी बहुधा हात झटकतात. पण सारेच प्रवासी खरोखर नुसते बसलेले असतात काय?

मामांचे उदाहरण घ्या. धोकादायक रीतीने किंवा मद्यपान करून वाहन चालवण्यास जो दुसऱ्याला प्रवृत्त करतो, त्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होऊ शकते, असे मोटार वाहन कायद्यात म्हटले आहे. घाई करणारा प्रत्येक शब्द न्यायालयात गुन्हा ठरेलच असे नाही. ते पुराव्यावर अवलंबून असते. तथापि चालकाने धोका सांगितल्यावरही "तू हाक" म्हणणाऱ्या माणसाला, आपला त्या टकरीशी काही संबंध नव्हता, असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. टपावर बसलेल्या दोघा तरुणांनीही नियम मोडला होता. वाहनाच्या टपावर, पायफळीवर किंवा इंजिनावरील झाकणावर बसून प्रवास करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि अशा रीतीने माणसे नेण्यास चालकालाही मनाई आहे.

सर्वांत दुःखाची गोष्ट हौद्यातील आजींची आहे. त्यांनी कोणाला घाई केली नव्हती. त्या टपावरही चढल्या नव्हत्या. नातवाचे लग्न पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. तरीही या अपघाताचा एक परिणाम त्यांना भोगावा लागणार आहे, आणि तो समजण्यासाठी आपल्याला विम्याची थोडी माहिती करून घेतली पाहिजे.

रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा विमा असलाच पाहिजे, असा कायदा आहे. हा विमा वाहनाच्या काचा आणि पत्रा यांसाठी नव्हे, तर त्या वाहनामुळे ज्याला इजा होईल अशा तिऱ्हाईत माणसासाठी आहे. गरीब चालक किंवा मालक लाखो रुपयांची भरपाई कोठून देणार? म्हणून ती विमा कंपनीने द्यावी, अशी ही व्यवस्था आहे. जखमी माणूस किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाकडे अर्ज करतात. हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. न्यायाधिकरण जखमीचे वय, त्याची कमाई, उपचारांचा खर्च, आलेले अपंगत्व यांचा विचार करून रक्कम ठरवते. अपघातास जखमीची स्वतःची हयगयही कारण झाली असेल, तर त्या प्रमाणात ती रक्कम कमी होते. धडक देणारे वाहन पळून गेले आणि त्याचा ठावठिकाणा लागलाच नाही, तरी कायदा जखमीला वाऱ्यावर सोडत नाही. अशा वेळी मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये आणि जबर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये देण्याची तरतूद आहे.

परंतु आजी बसल्या होत्या त्या टेम्पोचा विमा मालवाहू वाहनाचा होता. अशा वाहनात मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण मिळते. मात्र नुसते प्रवासी म्हणून बसलेल्या माणसांची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निवाड्यांत सांगितले आहे. आजींच्या भरपाईचा भार आता टेम्पोच्या मालकावर आणि चालकावर पडणार. त्यांच्यापाशी पैसा नसेल, तर न्यायाधिकरणाचा निकाल हातात असूनही आजींचे हात रिकामेच राहण्याचा संभव आहे. बसच्या भाड्यात वाचवलेले थोडे पैसे किती महाग पडले पाहा! ज्यांनी वऱ्हाडासाठी तो टेम्पो ठरवला, त्यांच्या मनात आजींचे वाईट करावे असे कधीच आले नसेल. वाईट करण्यासाठी वाईट हेतूच लागतो असे नाही. न विचारता केलेला काटकसरीचा एक निर्णयही पुरतो.

येथवर आपण वाहनातील माणसांचा विचार केला. रस्त्यावर आणखी एक माणूस उभा असतो. तो कोणत्याच वाहनात नव्हता. शेतातून घरी परतताना त्याने टक्कर पाहिली. त्याच्या मनात दया आहे, आणि त्याचबरोबर भीतीही आहे. "मदत करावी, तर पोलीस आपल्यालाच धरतील. साक्षीसाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील." अशा विचाराने कितीतरी भल्या माणसांनी आजवर पाठ फिरवली असेल. इतर सर्वांना जाब विचारणारा कायदा या माणसाला मात्र अभय देतो. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांच्या संरक्षणासाठी आखलेल्या मार्गदर्शक सूचना देशभर बंधनकारक केल्या. २०१९ मध्ये हे संरक्षण मोटार वाहन कायद्यातच समाविष्ट झाले. मोबदल्याची अपेक्षा न धरता, सद्हेतूने, स्वतःहून जो जखमीला मदत करतो, त्याच्या हातून मदत करताना काही उणे राहिले आणि त्यामुळे जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. आपले नाव आणि पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. त्याने आपण होऊन साक्षीदार व्हायचे ठरवले, तर गोष्ट निराळी. ११२ हा क्रमांक फिरवला की देशात कोठेही पोलिसांची व अन्य तातडीची मदत मागता येते. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. म्हणून त्या शेतकऱ्याला भिण्याचे काही कारण नाही. त्याने पुढे व्हावे.

मुलांनो, तुमचे वय अजून वाहन चालवण्याचे नाही. "मग हे सारे आम्हांला कशासाठी?" असे कोणी म्हणेल. परंतु या प्रसंगात वाहन चालवणारे दोघेच होते; बाकीचे प्रवासी होते, मालक होते, वाटसरू होते. प्रवासी आणि वाटसरू तर तुम्ही आजही आहात. मोटारीत बसल्यावर पट्टा बांधणे तुमच्या हातात आहे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा न लावता मोटार चालवल्यास १,००० रुपये दंड चालकाला होतो. म्हणजे तुमच्या आळसाचे उत्तर तुमच्या वडिलांना किंवा आईला द्यावे लागते. शाळेच्या गाडीत आरडाओरडा करून चालकाचे लक्ष विचलित न करणे, हेही तुमच्या हातात आहे. मोठ्या भावाने, "चल, बस मागे, तिघे जाऊ," म्हटले, तर "नको, दादा, मी चालत येतो," असे म्हणता येते. एखाद्या मित्राने चोरून आणलेल्या गाडीची ऐट मिरवली, तर तिचे कौतुक न करणे, हेही एक उत्तरच आहे. आणि घरातील वडीलधारी मंडळी लग्नाला जाण्यासाठी मालाचा टेम्पो ठरवू लागली, तर तुम्ही या पाठात वाचलेली आजींची गोष्ट त्यांना नम्रपणे सांगू शकता. मोठ्या माणसांना शिकवू नये, अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती चांगली आहे. परंतु आपल्याला माहीत असलेला धोका सांगणे म्हणजे शिकवणे नव्हे, ते आपले कर्तव्यच होय.

कायदा दंड करू शकतो, कैद देऊ शकतो, भरपाई मिळवून देऊ शकतो. मोडलेले हाड तो पूर्वीसारखे करू शकत नाही, आणि गेलेला जीव परत आणू शकत नाही. म्हणून त्याने अपघातानंतर विचारलेले प्रश्न आपण प्रवासाला निघण्यापूर्वीच स्वतःला विचारावेत. वाहन कोणाच्या हाती आहे? ते कशासाठी बनवलेले आहे? आपण कोठे बसलो आहोत? आपण चालकाला घाई करीत आहोत काय? घरातून निघताना या प्रश्नांची उत्तरे द्यायला एक मिनिटही लागत नाही. हीच उत्तरे न्यायालयात देण्याची वेळ आली, तर वर्षे लागतात.

स्वाध्याय

(अ) एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
१. 'जबाबदारी' या शब्दात कोणता शब्द दडलेला आहे?
२. अपघातानंतर कायदा चालकाला पहिला प्रश्न कोणता विचारतो?
३. 'सुवर्णतास' कशाला म्हणतात?
४. मोटारसायकल कोणाची होती? किल्ली दिल्याबद्दल मालकाला कोणती शिक्षा होऊ शकते?

(आ) सविस्तर उत्तरे लिहा.
१. दैवाला बोल लावणारा आणि मारहाणीची भाषा करणारा, या दोघांच्या वागण्याचा परिणाम एकच कसा होतो?
२. आजींची काही चूक नसताना त्यांना नुकसान का सोसावे लागण्याचा संभव आहे?
३. मदत करणाऱ्या वाटसरूला कायद्याने अभय का दिले असावे? तुमचे मत लिहा.

(इ) पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
प्राणास मुकणे, बोल लावणे, हात झटकणे, पाठ फिरवणे, वाऱ्यावर सोडणे.

(ई) 'जबाबदार' या शब्दाप्रमाणे शेवटी 'दार' असलेले पाच शब्द लिहा व त्यांचे अर्थ सांगा.

(उ) टेम्पोचा चालक, मामा, काका आणि शेतकरी यांच्यापैकी एकजण पोलीस ठाण्यात आपला जबाब देत आहे, अशी कल्पना करून तो जबाब दहा ओळींत लिहा.